वालाला दिवस कळतो

कोथिंबीर मातीतून पहिल्यांदा वर येते तेव्हा ती कोथिंबिरीसारखी अजिबात दिसत नाही. दोन लांबट, अरुंद, गवतासारखी पानं दिसतात. कातरलेलं, वासाचं खरं पान त्यानंतर आठवडाभराने फुटतं. तीन वर्षांपूर्वी मला यातलं काही माहीत नव्हतं. धने रगडून, रात्रभर भिजवून पेरले. सहा दिवस झाले तरी माती जशीच्या तशी. राहवेना म्हणून बोटाने उकरून पाहिलं आणि पांढरे कोंब फुटलेले चार-पाच दाणे माझ्याच नखाने मोडले. धन्याला उगवायला आठ-दहा दिवस लागतात, थंडीत त्याहूनही जास्त. शेजारच्या डब्यातली मेथी तिसऱ्या दिवशीच वर आली होती, म्हणून धन्यानेही तसंच यावं असं मी धरून चालले होते.

उन्हाळा संपत आला की ओळखीचे लोक विचारू लागतात : गच्चीवर भाजी लावायची आहे, माती कुठली घेऊ, खत कोणतं घालू? विचारायलाच हवं. पण नवख्या माणसाची रोपं बहुतेक वेळा मरतात ती वेळ चुकल्यामुळे, असं मला आता ठामपणे वाटतं.

उन्हाचंच पाहा. पुण्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची मोठी टाकी आहे. तिच्या उत्तरेला ऐसपैस जागा होती, म्हणून मी मे महिन्यात तिथे फळांचे सहा क्रेट मांडले. मेच्या मध्याला पुण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. क्रेटना दिवसभर ऊन मिळत होतं. जूनमध्ये लावलेली भेंडी झकास आली. ऑक्टोबरात त्याच क्रेटमध्ये टोमॅटो लावले आणि नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला कलला तशी टाकीची सावली सगळ्या क्रेटवर येऊन बसली. रोपं उंच आणि लुळी वाढली, फुलं आली तशी गळून गेली. मी खत वाढवलं, तर नुसती पानं वाढली. शेवटी शेजाऱ्यांच्या मदतीने क्रेट दक्षिणेच्या कठड्याशी नेले, तेव्हा कुठे फळ धरलं. म्हणून माझं सांगणं असं की कुंडी विकत आणण्याआधी एक दिवस मोडून सकाळी, दुपारी, संध्याकाळी गच्चीवर जा आणि ऊन कुठवर येतं ते खडूने आखून ठेवा. हिवाळ्यात पुन्हा एकदा आखा. फळभाजीला पाच-सहा तास थेट ऊन हवं. पालक, मेथी तीन-चार तासांवरही भागवतात.

मातीचं थोडक्यात सांगते. नर्सरीतली लाल माती नुसती भरली तर चार पाण्यांत विटेसारखी घट्ट होते. शिवाय ओली माती घनफुटाला चाळीस किलोच्या वर भरते, गच्चीला ते ओझं नको. मी एक भाग माती, एक भाग शेणखत आणि एक भाग कोकोपीट घेते, तळाला नारळाच्या शेंड्या आणि वाळका पाला. माती थोडी म्हणून घाबरू नका. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक होते. ‘प्रयोग परिवार’ या गटाच्या कामातून त्यांनी किती थोड्या मातीत, नुसत्या काडीकचऱ्याच्या जोरावर घराला पुरेल एवढी भाजी निघते हे लोकांना करून दाखवलं. पाण्यासाठी एकच खूण लक्षात ठेवावी. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचं, ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालायचं नाही.

दुधीने मला संध्याकाळ शिकवली. त्याची पांढरी फुलं दिवस कलल्यावर उमलतात. आधी बरेच दिवस नुसती नरफुलं येतात, लांब देठाची. मग एक दिवस फुलाखाली करंगळीएवढा, लव असलेला इवलासा दुधी दिसतो. ते मादीफूल. माझे असे आठ-नऊ दुधी पिवळे पडून गळले. बुरशी असेल म्हणून औषध फवारणार होते, पण त्यांना परागच मिळत नव्हते. रात्री फिरणारे पतंग हे काम करतात, आणि चौथ्या मजल्यावर ते येतीलच असं नाही. मग संध्याकाळी सातला नरफूल तोडलं, पाकळ्या काढल्या, मधला परागांचा दांडा मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरवला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो दुधी जड होऊन खाली वळला. त्या सकाळी मी घरातल्या सगळ्यांना गच्चीवर बोलावून दाखवला.

आणि वाल. जुन्नरकडच्या माझ्या आत्याने मला राखेत घोळवलेलं मूठभर बी दिलं होतं, तिच्या परसातल्या वेलाच्या वालाचं. मी ते घाईघाईने फेब्रुवारीत लावलं. उगवण उत्तम झाली. वेल कठड्यावर चढला, तिथून टाकीच्या शिडीवर गेला, एप्रिलच्या उन्हातही मी पाणी देऊन तगवला. पानंच पानं. मे गेला, पावसाळाही निम्मा सरला, फुलाचा पत्ता नाही. हा वांझ वेल निघाला, उपटून टाक, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, “अगं, घाई कसली करतेस? वालाला दिवस कळतो. रात्र मोठी होऊ दे, मग बघ.”

ऑक्टोबर संपता संपता पानांच्या वर जांभळे तुरे उभे राहिले. कार्तिकात शेंगा लागल्या, त्या संक्रांतीनंतरही निघत होत्या. भोगीच्या भाजीत त्या वर्षी घरचे वाल पडले. नऊ महिन्यांचं पाणी आणि खत खाऊन वेल फुलला तो शेवटी दिवस लहान झाल्यावर. जूनमध्ये पुण्याचा दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराच तासांचा. जुन्या वाणांचा वाल हा फरक ओळखतो. फुलणं दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरतं हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखूवरच्या प्रयोगांतून मांडलं, आणि रोप खरं तर रात्रीची लांबी मोजतं हे नंतरच्या प्रयोगांतून दिसलं. आत्याने शास्त्राचं पुस्तक कधी उघडलेलं नाही. पण तिनेही फोनवर रात्रच मोजायला सांगितली होती.

हे ज्ञान बियाण्याबरोबरच हातातून हातात येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री मिळाला तो असं गावरान बी जपण्याच्या कामासाठी. त्यांच्या बियाणं बँकेत वाल-घेवड्याची कितीतरी गावरान वाणं आहेत, आणि कोणतं बी कधी टोकायचं हे त्यांना तोंडपाठ असतं. दुकानातलं संकरित पाकीट पेरायला माझी हरकत नाही, मिरची-टोमॅटोला मीही ते वापरते. मात्र त्या फळांचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तसंच पीक येत नाही. गावरान वालाचं बी मी आता स्वतः धरते. शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, दाण्यांना ऊन दाखवायचं, राखेत घोळवून डब्यात भरायचे.

यंदा माझ्या डब्यात दीडशेच्या आसपास दाणे आहेत. त्यातले वीस मी लावणार, बाकी मागेल त्याला देणार. मृगाला अजून दोन-तीन आठवडे आहेत. तुमच्या गावी आत्या, आजी, मामी असेल तर आजच फोन करा आणि घरचं बी मागून घ्या. देताना ती कधी टोकायचं तेही सांगेल, ते लिहून ठेवा. पहिला पाऊस पडून माती ओलावली की क्रेटमध्ये तीन दाणे टोका, आणि दिवाळी होईपर्यंत तो वेल उपटू नका.