कालव्याच्या पाण्याचे मोल

रायपूरहून बिलासपूरकडे निघालात की थोड्याच वेळात सिलतरा लागते. आज तेथे लोखंड-पोलादाच्या कारखान्यांची धुरांडी दिसतात. परंतु हा सारा मुलूख मूळचा धानाचा. छत्तीसगडास 'धानाचा कटोरा' म्हणतात, ते उगीच नव्हे. भूकंपाचे भय येथे फारसे नाही. भरवसा नाही तो आकाशाचा. वर्षाकाठी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

कोकणात रोपे तयार करून लावणी करतात. येथील जुनी रीत निराळी. तिला 'बियासी' म्हणतात. पावसाच्या आरंभी बी सरळ शेतात पेरावयाचे आणि महिन्याभराने बांधांत पाणी साचले की उभ्या पिकातच नांगर घालावयाचा! नवख्याचे काळीज धस्स व्हावे असे ते दृश्य. परंतु त्या नांगराने तण मोडते, दाट रोपे विरळ होतात आणि उपटलेली रोपे मोकळ्या जागी खोचता येतात. मात्र ऐन वेळी खाचरात पाणी हवे. ते नसले तर बियासी लांबते, तण माजते. पुढे लोंबी बाहेर पडताना पुन्हा हीच परीक्षा. आठ दिवसांच्या एका पाण्यावर वर्षाचे धान्य अवलंबून असते.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी हे फार क्रूरपणे शिकविले. त्यानंतर धमतरीजवळ रुद्री येथे महानदीस बंधारा घालून कालवा काढण्यात आला. १९२३ मध्ये मुरूमसिल्लीचे धरण पुरे झाले. त्याच्या सांडव्यास वक्रनलिका आहेत. पाणी ठराविक पातळीवर चढले की त्या आपोआप वाहू लागतात आणि पातळी उतरून आत हवा शिरली की आपोआप थांबतात. दार उघडावयास माणूस नको.

माणसांचे व्यवहार इतके सुरळीत कोठून असणार? चांगल्या पावसाच्या वर्षी शेतकऱ्यास कालव्याचे पाणी नको असते. अवर्षणात सर्वांसच हवे असते. म्हणून सरकारने दीर्घ मुदतीच्या करारांचा आग्रह धरला. कालवा चांगल्या वर्षीही राखावाच लागतो, हे सरकारचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. परंतु धमतरीजवळच्या कंडेल गावाने हिशेब मांडला : एवढ्या पैशांत तर आपला स्वतःचा तलाव होईल! भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस हा हिशेब लगेच पटेल.

१९२० च्या पावसाळ्यात कंडेलवर पाणीचोरीचा आरोप आला आणि गावावर दंड बसला. गावाने तो भरण्याचे नाकारले. पं. सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि धमतरीचे नारायणराव मेघावाले यांनी सत्याग्रहाचे नेतृत्व केले. जप्त केलेली गुरे लिलावासाठी बाजारोबाजार हिंडविण्यात आली. पण बोली बोलावयास कोणी पुढे येईना. दुसऱ्याच्या गोठ्यातील बैल स्वस्तात मिळत असता तो न घेणे, हे गरीब शेतकऱ्यास किती कठीण, याचा विचार आपणच करावा. गांधीजींना आणण्यासाठी शर्मा निघाले आणि अखेरीस सरकारनेच माघार घेतली.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस गंगरेल येथे महानदीवर मोठे धरण झाले. त्याच्या जलाशयात अनेक गावे बुडाली, हेही मोलात धरावयास हवे. त्याच पाण्यावर आता केवळ शेते नव्हेत, तर रायपूर शहर आणि भिलाईचा पोलाद कारखानाही अवलंबून आहेत. १९२० मध्ये वाद होता तो शेतकरी व सरकार यांचा. आता वाटेकरी वाढले आहेत. पावसाळा ओढ देतो, जलाशय अर्धाच भरतो, अशा वर्षी उन्हाळी धानास पाणी सोडावे की शहराच्या नळांसाठी राखावे, हा प्रश्न कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेत असलेल्या कुटुंबास प्रथम विचारला जात नाही. त्याचे उत्तर मात्र प्रथम त्याच्याच बांधावर येऊन पोहोचते.