मिग पळवणारी कादंबरी

बहारीनच्या सलमानियातल्या आमच्या वाचकांनी क्रेग थॉमस यांची ‘फायरफॉक्स’ (१९७७) वाचली आणि सरळ दोन तट पडले. रात्रपाळीवाल्यांना मिग पळवणाऱ्या वैमानिक गँटची व्हिएतनामची दुःस्वप्नं भिडली. यंत्रांत रमणाऱ्यांना नुसत्या विचारांनी क्षेपणास्त्र सोडणं पचेना. आम्हाला विचाराल तर वास्तव काकणभर सरसच. ६ सप्टेंबर १९७६ रोजी सोव्हिएत वैमानिक बेलेंको खरंखुरं मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदातेत उतरला. खोलून बघतात तर आत व्हॅक्यूम ट्यूब!

एफ-१६ बाळगणाऱ्या या बेटावर असं पुस्तक निव्वळ करमणूक म्हणून वाचलं जात नाही. म्हणून या अंकात परीक्षण नाही, वाचकांचीच मतं आहेत, भांडणासकट. तुमचंही कळवा. फक्त शेवट फोडू नका. काहीजण अजून निम्म्यावरच आहेत.