पीटर विंच आपला कोण लागतो?

ह्युमॅनिटीजच्या पेपरबद्दल सीनिअर्स एकच गोष्ट सांगतात. 'स्कोअरिंग आहे, आदल्या रात्री वाच.' आणि खरंच तो आदल्या रात्री वाचून निघतो. त्यात एक हमखास प्रश्न असतो: समाजशास्त्राला शास्त्र का म्हणावं? उत्तरही ठरलेलं. निरीक्षण, गृहीतक, पडताळणी, नियम. म्हणजे फिजिक्समध्ये जे चालतं तेच माणसांवर चालवायचं. माणसं जरा जास्त कॉम्प्लिकेटेड असल्यामुळे उत्तर थोडं अप्रॉक्सिमेट येतं, एवढाच काय तो फरक. झाले मार्क.

हे उत्तर मुळातच चुकीचं आहे, असं म्हणणाऱ्या एका माणसाबद्दल मला लिहायचंय. त्याचं नाव पीटर विंच. धंदा विचाराल तर फिलॉसॉफीचा प्राध्यापक. त्यातही सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांच्या मधल्या बोळातला. मी हा विषय हॉस्टेलवर काढला तेव्हा पहिला प्रश्न आला, 'यात पॅकेज किती?' पॅकेज मला माहीत नाही. पण ज्या प्रश्नाभोवती या माणसाचं नाव झालं, तो प्रश्न आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी चार वर्षांत एकदाही स्वतःला विचारत नाही, आणि मग बाहेर पडून माणसांसाठी सिस्टिम्स बनवतो. मला हे धोक्याचं वाटतं.

आधी थोडा बायोडेटा. जन्म १९२६, लंडन. महायुद्धाच्या शेवटी रॉयल नेव्हीत, मग ऑक्सफर्डला शिक्षण. १९५१ साली वेल्समधल्या स्वान्सीच्या कॉलेजात लेक्चरर. तिथे तो १९६४ पर्यंत होता. मग लंडनला, आधी बर्कबेक कॉलेज आणि १९६७ पासून किंग्ज कॉलेजात प्रोफेसर. १९८०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात गेला आणि १९९७ मध्ये वारला. बाकी नाट्यमय असं काही नाही. त्याचं नाव झालं ते एका पुस्तकामुळे, 'द आयडिया ऑफ अ सोशल सायन्स', १९५८. जेमतेम दीडशे पानांचं. आपलं मशीन डिझाइनचं डेटाबुक त्याच्यापेक्षा जाड असतं.

स्वान्सीला त्याच्याबरोबर रश रीस होता. हा विट्गेन्स्टाइनचा विद्यार्थी आणि जवळचा मित्र. विंचच्या सगळ्या विचाराच्या मागे विट्गेन्स्टाइन उभा आहे. आणि तो (हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले) आपल्यातलाच! बर्लिनला मेकॅनिकल शिकला, १९०८ मध्ये मँचेस्टरला एरोनॉटिक्स करायला गेला, पतंग उडवून प्रयोग केले, प्रोपेलरचं पेटंटही घेतलं. मग गणिताच्या पायाबद्दल प्रश्न पडायला लागले आणि १९११ ला केंब्रिज गाठलं रसेलकडे. आपल्याकडे असा ब्रँच चेंज मिळत नाही. असो.

विंचचं म्हणणं काय? त्याचंच एक उदाहरण माझ्या शब्दांत सांगते. पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हाही ढग गडगडत होते. 'गडगडाट' हा शब्द नव्हता म्हणून वीज पडायची थांबली नाही. पण हुकूम देणं आणि पाळणं? 'हुकूम' म्हणजे काय याची कुणालाच काही कल्पना नाही, तरी लोक एकमेकांना हुकूम देतायत, असं होऊच शकत नाही. एक हात वर करेल, दुसरा उठून जाईल, पण त्याला हुकूम म्हणता येणार नाही. म्हणजे निसर्गात आधी घटना, मग आपण तिला शब्द देतो. समाजात मात्र शब्दामागची कल्पना हा त्या घटनेचाच भाग असतो. ती काढून घेतली की घटनाच उरत नाही.

मॅक्स वेबरसारख्या मोठ्या माणसालाही विंच याच मुद्द्यावर धरतो. पगार मिळणं हे वेबर एके ठिकाणी असं सांगतो, की कामगाराला धातूचे काही तुकडे दिले जातात, ते तो दुसऱ्यांना देतो आणि त्या बदल्यात वस्तू घेतो. विंच म्हणतो, अशा बाहेरून केलेल्या वर्णनात 'पगार' कुठे आहे? 'खरेदी' कुठे आहे? धातू उरला, समाज गेला.

आता हे आपल्याकडे लावून बघा. समजा मंगळावरून एक शास्त्रज्ञ आला आणि सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या हॉस्टेलवर बसला. त्याला काय दिसेल? काच, काचेखाली बल्ब, काचेवर एक कागद, त्यावर दुसरा कागद, आणि एक प्राणी पेन्सिलीने रेघा ओढतोय. किती रेघा, किती वाजता, पेन्सिलीवर किती दाब, सगळं तो मोजेल. पुढच्या सबमिशनला काचा कधी बाहेर निघणार याचं भाकीतही बरोबर करेल. पण आपण जीटी मारतोय हे त्याला कळणार नाही. त्यासाठी त्याला शीट म्हणजे काय, ती स्वतः काढायची असते म्हणजे काय, सरांना हे ठाऊक असून ते सही का करतात, आणि मित्राची शीट मागणं आणि चोरणं यात फरक काय, हे सगळं कळायला हवं. यातलं काहीही मीटरवर दिसत नाही. त्याचा डेटा कमी पडला असं नाही. एक टेराबाइट आणखी दिला तरी तो तिथेच राहील.

आणखी एक गोष्ट विंच विट्गेन्स्टाइनकडून घेतो, ती मला सगळ्यात आवडली. नियम पाळणं म्हणजे चूक होण्याची शक्यता असणं. आणि ती चूक आहे हे दुसऱ्या कुणाला तरी दाखवता येणं. बीमला चूक करता येत नाही. बीम मोडला तर कॅल्क्युलेशन आपलं चुकलेलं असतं, बीम बिचारा त्याच्या जागी बरोबरच मोडलेला असतो. माणूस मात्र चुकू शकतो, म्हणून त्याच्या वागण्याला 'असं का केलंस?' हा प्रश्न विचारता येतो. बीमला 'का' विचारलं तर कारण मिळतं, माणसाला विचारलं तर सबब, खुलासा, बढाई, माफी, काहीही मिळू शकतं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे डब्याच्या सुट्टीत आपल्या सँडविचचा अर्धा खाल्लेला तुकडा मैत्रिणीला दिला की सिस्टर म्हणायच्या, 'शेअरिंग, व्हेरी गुड.' घरी तोच तुकडा भावापुढे केला की आजी ओरडायची, 'अगं, उष्टं आहे ते!' हात तोच, घास तोच, लाळही तीच. पण शाळेत मी एक गोष्ट करत होते आणि घरी दुसरी. सिस्टरना 'उष्टं'ला इंग्रजी शब्द सांगायचा मी प्रयत्न केला होता. 'लेफ्टओव्हर' म्हणजे उरलेलं, 'डर्टी' म्हणजे घाण. उष्टं यातलं काहीच नाही. देवाला नैवेद्य दाखवण्याआधी चाखलं तर उष्टं, लहान बाळाचं आईने खाल्लं तर चालतं, लग्नात नवरानवरीने एकमेकांचं खाल्लं तर टाळ्या. उष्टं कळायचं तर त्याभोवतीचं अख्खं घर कळावं लागतं. विंचचं पुस्तक वाचताना 'भाषा' आणि 'समाज' हे दोन विषय तो वेगळे का करत नाही, ते मला आजीमुळे लगेच समजलं.

आणि हे नुसतं गमतीचं नाही. एनएसएसच्या कॅम्पमध्ये आमच्याकडे एक छापील प्रश्नावली होती. पहिलाच रकाना: 'कुटुंबातील व्यक्तींची संख्या.' सगळ्यात सोपा प्रश्न, नाही का? एका मावशींनी उलट विचारलं, 'चुलीपरमाणं सांगू की रेशन कार्डापरमाणं?' दोघं भाऊ एका वाड्यात राहतात, चुली दोन, कार्डं तीन कारण म्हाताऱ्याचं वेगळं, सातबारा मात्र एकच. तर कुटुंब किती माणसांचं? चार, दोन की अकरा? रकान्यात एकच आकडा मावतो. तो आकडा मग एक्सेलमध्ये जातो, सरासरी निघते, दोन दशांश स्थळांपर्यंत. त्या सरासरीवर कुणीतरी पाण्याची टाकी डिझाइन करतं. मोजण्यात चूक झालेली नसते. पण काय मोजलं हे कुणी विचारलेलं नसतं, आणि ते मावशींना आधीच ठाऊक होतं. विंचचा पूर्ण सिद्धांत त्या माउलीने एका वाक्यात मांडला.

आता जिथे भांडण आहे तिथे येते. विंचने १९६४ मध्ये एक निबंध लिहिला, 'अंडरस्टँडिंग अ प्रिमिटिव्ह सोसायटी'. इव्हान्स-प्रिचर्ड नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने दक्षिण सुदानातल्या अझांदे लोकांवर १९३७ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. हे लोक चेटूक मानतात. कुणी चेटूक केलं हे ठरवायला कोंबडीच्या पिल्लाला विष देऊन प्रश्न विचारतात; पिल्लू मरतं की जगतं त्यावर उत्तर. उत्तरं परस्परविरोधी आली तर विष खराब होतं, कुणी पथ्य मोडलं, असे खुलासे तयार असतात. इव्हान्स-प्रिचर्डने त्यांना अजिबात मूर्ख ठरवलं नाही, उलट तिथे राहताना तो स्वतःचा घरखर्चही त्याच कौलाने चालवायचा आणि म्हणतो की ते ठीक चाललं. पण शेवटी तो म्हणतोच, की विज्ञान वास्तवाला धरून आहे आणि चेटूक नाही.

विंचचा आक्षेप इथे आहे. 'वास्तवाला धरून' हे कशावरून ठरवलंस? प्रयोगशाळेच्या भाषेत जे वास्तव आहे त्याच मापाने तू अझांदेंचा कौल मोजतोस, पण तो कौल म्हणजे त्यांचा फसलेला प्रयोग आहे हे आधी सिद्ध कर. कदाचित ते प्रयोग करतच नसतील. पीक, आजार, मरण यांच्यापुढे माणूस हतबल असतो, त्या हतबलतेशी जुळवून घ्यायची ती एक रीत असेल.

यावर गदारोळ झाला. अर्नेस्ट गेल्नर, अ‍ॅलिस्टर मॅकिन्टायर यांनी त्याला धारेवर धरलं. असंच असेल तर कुठल्याही समाजातली कुठलीही गोष्ट चूक म्हणताच येणार नाही, प्रत्येकाचं आपापल्या घरात बरोबर! महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही हा वाद पुस्तकी वाटणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. करणी, भानामती, डाकीण ठरवून बाईला मारहाण, हे आपल्याकडचे शब्द आहेत, सुदानातले नाहीत. तेव्हा 'त्यांच्या जगात शिरून समजून घ्या' हे वाक्य मला डाकीण ठरवलेल्या बाईसमोर उभं राहून म्हणता येईल का?

माझं मत सांगते. विंच अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा भाग फार महत्त्वाचा आहे. समजून घेतल्याशिवाय केलेली टीका ही टीकाच नसते, ती आपण स्वतःशीच मारलेली बडबड असते. ज्या मुलाला कौल म्हणजे 'बॅड एक्सपेरिमेंट' वाटतो त्याने कौल पाहिलेलाच नाही. दाभोलकरही गावोगाव फिरून लोकांशी लोकांच्या भाषेत बोलत होते, वरून फतवा काढत नव्हते. पण विंच 'त्यांची जीवनपद्धती' असं म्हणतो तेव्हा ती एकसंध वाटायला लागते, जणू आत सगळ्यांचं एकमत आहे. तसं कुठे असतं? ज्या बाईला डाकीण म्हटलं तीही त्याच गावची, तीच भाषा बोलणारी. तिला विचारलं का कुणी? जोतीराव फुले बाहेरून आले नव्हते, तुकोबाही नाही. आतलीच माणसं आतल्याच शब्दांनी आतल्या गोष्टी चूक ठरवत आली आहेत. नियमाबरोबर चूक येते हे विंचनेच शिकवलं ना? मग नियमाबरोबर 'हा नियमच चूक आहे' म्हणणारा माणूसही येतो, एवढं पुढचं पाऊल त्याने टाकायला हवं होतं.

त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच निबंधाच्या शेवटी तो म्हणतो की जन्म, मरण आणि स्त्रीपुरुषसंबंध या तीन गोष्टी प्रत्येक मानवी समाजाला कुठे ना कुठे मांडाव्याच लागतात, आणि परक्याला समजून घ्यायची वाट तिथून जाते. म्हणजे 'ज्याचं त्याचं खरं' एवढ्यावर तो थांबत नाही. टीकाकारांनी ही पानं जरा घाईने उलटली असं मला वाटतं.

१९९० मध्ये पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. मधली ३२ वर्षं त्यावर भांडणं चाललेली. मजकूर त्याने तसाच ठेवला, पण नवी प्रस्तावना लिहिली आणि त्यात स्वतःच सांगितलं की 'नियम' आणि 'कारण' हे शब्द आपण तेव्हा फार ढोबळपणे वापरले. आपल्याकडे एरर सापडला की व्हर्जन टू पॉइंट झिरो येतं आणि वन पॉइंट झिरो गायब होतं. इथे दोन्ही एकाच बाइंडिंगमध्ये, शेजारी शेजारी. मधल्या काळात त्याने नीतीवर लिहिलं, विट्गेन्स्टाइनच्या टिपणांचं भाषांतर केलं, सिमोन व्हेलवर १९८९ मध्ये पुस्तक काढलं. आणि ३२व्या वर्षी लिहिलेल्या पुस्तकाकडे साठी उलटल्यावर परत आला. 'पॅकेज किती' विचारणाऱ्या मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, 'म्हणजे एकच असाइनमेंट?' हो, जवळजवळ एकच.

पुढच्या सेमिस्टरला इलेक्टिव्हचे फॉर्म भरायचे आहेत. ह्युमॅनिटीजच्या सरांना मी विचारलंय की विंचचं पहिलं प्रकरण वाचायला लावाल का. ते म्हणाले, दहा जण तयार असतील तर लावतो. सध्या आम्ही चौघी आहोत.