परराष्ट्र खात्याच्या पलीकडे

निकाल लागले की ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या आपल्या केंद्रांवर पालक विचारतात : आंतरराष्ट्रीय अभ्यासात एम.ए. करून पुढे काय? आपल्यातले बहुतेक मार्गदर्शक एका दमात उत्तर देतात, यूपीएससी. हे उत्तर अपुरे आहे आणि मुलांना ते महागात पडते.

परराष्ट्र सेवेचे आकर्षण खोटे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे ज्ञानेश्वर मुळे परराष्ट्र मंत्रालयात सचिवपदापर्यंत पोचले. ठाण्यात तर महापालिकेचीच चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. मात्र ज्यांचे नाव तिला दिले आहे, ते सी. डी. देशमुख १९४४ साली ब्रेटन वुड्सला भारतीय शिष्टमंडळात गेले ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून. जगाच्या वाटाघाटींत अर्थकारणाच्या दारानेही शिरता येते, हे तिथे शिकणाऱ्या मुलांना कोणी सांगते का?

परराष्ट्र सेवेत दरवर्षी देशभरातून मोजकीच मुले घेतली जातात. खुल्या गटाला सहा संधी आणि वयाची मर्यादा ३२. तिसऱ्या संधीनंतरही यश आले नाही, तर हातात काय असेल, हे पहिल्याच भेटीत विचारायला हवे.

शिक्षणाच्या वाटा आपल्याला ठाऊक आहेत : कलिन्यातला राज्यशास्त्र विभाग, पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग, सीयूईटी-पीजीमार्गे जेएनयू. प्राध्यापकी करायची असेल त्यांना एवढे जरूर सांगा की, यूजीसी-नेटमध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा विषय राज्यशास्त्राहून वेगळा आहे. अर्ज भरण्याआधी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचावेत.

खरी उणीव नोकरीच्या बाजूला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख येतो. सत्ता बदलल्यावर तिथला व्यापार अडवला गेला आणि तिथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. आजच्या भाषेत याला निर्बंध म्हणतात, आणि ते समजणारा माणूस कल्याणच्या परिसराला आजही हवाच आहे. डोंबिवली एमआयडीसीतल्या रसायन कारखानदाराला युरोपात माल विकायचा तर २००७ पासून लागू असलेली ‘रीच’ नियमावली पाळावी लागते. न्हावाशेव्याला कंटेनर लावण्याआधी तो माल कोणत्या देशात, कोणाच्या हाती जाणार, हे तपासावे लागते. बँकांच्या ट्रेड फायनान्स विभागातही गिऱ्हाइकाचे नाव निर्बंधांच्या यादीत आहे का, हे पाहणारी माणसे लागतात. मुलाखतीला मात्र आपली मुले शीतयुद्धावर निबंध पाठ करून जातात.

म्हणून पदवीबरोबर दुसरे काहीतरी पक्के हवे : निर्यातीची कागदपत्रे, सांख्यिकी, कायदा किंवा एखादी परकी भाषा. भाषा घेतली तर ती कामापुरती येईपर्यंत शिकावी. तीन भाषांची ‘ए-वन’ प्रमाणपत्रे गोळा करायला लावणे हा आपल्या व्यवसायातला एक चमत्कारिक शौक आहे, तो आता थांबवलेला बरा.

या प्रवेश-हंगामात प्रत्येक केंद्राने निदान एक निर्यातदार आणि एक कस्टम ब्रोकर मुलांशी बोलायला बोलवावा. पालकांनाही त्याच खोलीत बसवावे. काय प्रश्न आले ते आम्हाला लिहून पाठवा. ते पुढच्या अंकांतून छापू.