वाट सोडलेली बरी?

परवा एक गृहस्थ कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घेऊन आले. तक्रार, झोप लागत नाही. ‘डॉक्टर, त्या कॉम्प्युटर गेमचं खूळ आहे,’ ते म्हणाले.

गेम होता ‘द पाथ’. बेल्जियमच्या ‘टेल ऑफ टेल्स’ने तो २००९ मध्ये काढला. सहा बहिणींपैकी एकीला आजीच्या घरी न्यायचे. सूचना एकच, वाट सोडू नका. पण वाटेनेच पोहोचलात तर गेम तुम्हाला नापास करतो! वाट सोडली की जंगल, आणि प्रत्येकीचा लांडगा निराळा. धावलात तर पडदा काळवंडतो, म्हणून सावकाशच चालायचे.

खेळणाऱ्यांत दोन तट आहेत. काही म्हणतात, नुसते चालणे, हा काय खेळ? काही म्हणतात, तो मनातून जात नाही. मला दोन्ही पटते. दचकल्यावर छातीतली धडधड मिनिटांत ओसरते; सावकाश मुरलेली भीती अंथरुणापर्यंत सोबत येते.

झोपेआधी तासभर पडदा बंद, एवढेच मी सांगितले. मग मुलीला विचारले, ‘तुला कुठली बहीण आवडली?’ ती दहा मिनिटे बोलली. वडील प्रथमच ऐकत होते.

वाचकहो, गेम बंद करण्याआधी मुलांना एवढे विचारा, भीती कशाची वाटली? झोपेच्या गोळीचे नंतर पाहू.