एल-वन झालात, पण कितीला पडले?

1 एप्रिल 2025 पासून लघुउद्योगाची व्याख्या बदलली. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक 25 कोटींपर्यंत आणि उलाढाल 100 कोटींपर्यंत असेल तर तो आता लघुउद्योग. आधीच्या मर्यादा 10 आणि 50 कोटींच्या होत्या. कर्जासाठी आणि सरकारी खरेदीतल्या हिश्श्यासाठी हे बरेच झाले. आमच्याकडे आलेल्या पत्रांत मात्र आनंद आहे तो निराळ्याच गोष्टीचा. 2014 च्या कॉस्ट रेकॉर्ड्स अँड ऑडिट नियमांतून सूक्ष्म आणि लघु कंपन्यांना सूट आहे. त्यामुळे साठ-सत्तर कोटींची उलाढाल करणारी कंपनीही नव्या व्याख्येत बसली की सीआरए-1 नमुन्यातल्या कॉस्टच्या नोंदींतून मोकळी. ‘एक कटकट गेली’ हा या पत्रांचा सूर आहे.

तो सूर आम्हाला घातक वाटतो. कायद्याने नोंदी ठेवायची सक्ती उठवली. माल कितीला पडतो हे माहीत असण्याची गरज कुणी उठवलेली नाही. आणि इथल्या, भोपाळच्या गोविंदपुऱ्यातले बहुतेक जॉबवर्कवाले प्रोप्रायटर किंवा भागीदारीतले. त्यांना हे नियम कधी लागूच नव्हते. तरी ‘भाव परवडत नाही’ ही तक्रार सर्वांत जास्त त्यांचीच.

त्या तक्रारीतला खरा भाग आधी सांगतो. टेंडर उघडते, एल-वन म्हणजे सर्वांत कमी दर भरणारा ठरतो, आणि खरेदी विभागाकडून पत्र येते: दर वाजवी असल्याचे सिद्ध करा, मटेरियल, मजुरी, ओव्हरहेड, नफा असे सुटे करून उद्यापर्यंत पाठवा. दर संशयास्पद कमी असेल तर असा खुलासा मागावा, असे अर्थ मंत्रालयाच्या खरेदीच्या नियमपुस्तिकेत आहे आणि ते योग्यच आहे. पण आमच्या वाचकांना हे पत्र येते ते दर आणखी खाली ओढण्यासाठी. उद्योजकाने रात्री बसून तक्ता भरायचा, आणि सकाळी त्याच तक्त्यातला नफा आणि ओव्हरहेड कापून मागितला जायचा. एक खाते म्हणते, तुम्ही लहान आहात, कॉस्टच्या नोंदी ठेवायची गरज नाही. दुसरे म्हणते, चोवीस तासांत कॉस्ट शीट द्या. दोघांचे एकमेकांशी बोलणे नाही.

त्याहून वाईट प्रकार एलपीपीचा, म्हणजे मागच्या खरेदीच्या दराचा. फाइलवर मागचा दर लिहिलेला असतो आणि नवा दर त्याच्याशी ताडून पाहिला जातो. मधल्या काळात पत्र्याचा भाव काय झाला, वीज किती वाढली, मागच्या वेळी तो दर कुणी आणि कोणत्या अडचणीत भरला होता, हे फाइलला ठाऊक नसते. अधिकाऱ्याला विचारले तर उत्तर ठरलेले: ऑडिट ऑब्जेक्शन येईल.

2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणाने सूक्ष्म-लघु उद्योगांना एक सवलत दिली. एल-वन सूक्ष्म किंवा लघु उद्योग नसेल आणि आपला दर त्याच्या 15 टक्क्यांच्या आत असेल, तर आपल्यालाही ऑर्डरचा हिस्सा मिळतो. अट एवढीच की एल-वनच्या दरावर उतरायचे. हिशोब नीट करून दर भरणाऱ्याने दुसऱ्याच्या दराने माल द्यायचा. हो म्हणायचे की नाही हे ठरवायला एकच आकडा लागतो, आपला स्वतःचा. तो आपल्याकडे आहे का?

एक उदाहरण मांडतो. आकडे मानलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर) 30 लाखांची, आयुष्य 10 वर्षे. घसारा वर्षाला 3 लाख. सरासरी 15 लाखांवर 10 टक्के व्याज, दीड लाख. दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर, महिना 18 हजारांप्रमाणे 4 लाख 32 हजार. मेंटेनन्स 2 लाख. शेडचे भाडे आणि सुपरवायझरचा वाटा अडीच लाख. बेरीज 13 लाख 32 हजार. आता भागायचे कशाने? आपल्यातले बहुतेक जण 300 दिवस गुणिले 16 तास असे 4800 तास धरतात. तासाला साधारण 278 रुपये, त्यात विजेचे 56, म्हणजे 334. मग 400 ने दर भरला की 66 रुपये सुटले असे वाटते. पण सेटिंग, इन्स्पेक्शनची वाट, मटेरियल न येणे, वीज जाणे हे वजा केल्यावर मशीन प्रत्यक्ष कापते किती तास? समजा 2900. मग तोच तास 515 ला पडतो आणि 400 च्या दराला प्रत्येक तासामागे 115 रुपये खिशातून जातात. रोकडीत हे दिसायला वर्ष-दोन वर्षे लागतात, कारण घसारा रोख जात नाही. दिसते तेव्हा मशीन बदलायची वेळ आलेली असते आणि पैसे नसतात.

यावर बी.कॉम. झालेला कुणीही उठून मार्जिनल कॉस्टिंगचा धडा सांगेल: मशीन रिकामे असेल तर बदलत्या खर्चाच्या वर जे मिळेल ते कॉन्ट्रिब्युशन, घेऊन टाका. धडा बरोबर आहे. पण तो एकदाच्या, सुट्या, रिकाम्या वेळेच्या ऑर्डरीसाठी आहे. आपण मंदीच्या महिन्यात 400 ने काम उचलतो, तो दर एलपीपी म्हणून फाइलवर चढतो, आणि पुढच्या वेळी मशीन भरलेले असतानाही आपल्याकडून 400 च मागितले जातात. शेजारच्या शेडवाल्याकडूनही. सरकारी किंवा मोठ्या खरेदीदाराकडे अडचणीचा दर भरण्यापूर्वी हा पुढचा खर्चही मोजायला हवा. पाठ्यपुस्तकातल्या गणितात तो सहसा नसतो.

उधारीचेही तसेच. एमएसएमईडी कायद्याचे कलम 15 जास्तीत जास्त 45 दिवस देते, कलम 16 बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देते. ते मागणारे थोडे, कारण पुढची ऑर्डर जाईल ही भीती. ठीक, पण मग ते दरात तरी धरा. दहा लाखांचे बिल चार महिने अडकले तर 12 टक्क्यांनी 40 हजार गेले, म्हणजे बिलाचे 4 टक्के. आठ टक्के नफा धरणाऱ्याचा अर्धा नफा तिथेच संपला.

1956 मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि तिच्यामागून गोविंदपुऱ्यात पूरक कारखानदारी उभी राहिली. आता तिसरी पिढी शेडमध्ये आहे. ड्रॉइंग वाचायला, टॉलरन्स सांभाळायला ही माणसे कुणाला हार जाणार नाहीत. आणि तरीही दर अजून ड्रॉइंगच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिला जातो, मागच्या वर्षीच्या आकड्यातून दोन रुपये कमी करून. जॉब कार्ड नाही, सेटिंगच्या वेळेची नोंद नाही, फ्री-इश्यू, म्हणजे खरेदीदाराने दिलेल्या मटेरियलमधल्या तुकड्यांचा हिशोब नाही. सीए जीएसटी भरून देतो म्हणून कॉस्टिंगही तोच बघत असेल, असे धरून चालणाऱ्यांचे आता आम्हाला नवल वाटत नाही, राग येतो.

आमचे कार्यालय बाग सेवनियात आहे. बरकतउल्ला विद्यापीठ इथून जवळ. आसपासच्या खोल्यांत कॉमर्सची आणि सीएमएची (कॉस्ट अकाउंटन्सीची) मुले भाड्याने राहतात. मशीन-अवर रेटची गणिते ती सोडवतात, पण मशीन अनेकांनी पाहिलेले नसते. यातल्या एकाला तीन महिने शेडमध्ये बसवा. पगार द्या, फुकट राबवू नका. त्याला एकच काम सांगा: प्रत्येक मशीन रोज खरोखर किती तास चालले ते लिही.

सगळ्यांनी मिळून एक दर ठरवा, असे आम्ही सुचवत नाही. संगनमताने टेंडर भरणे कॉम्पिटिशन कायद्याने निषिद्ध आहे आणि ते आम्हाला मान्यही नाही. म्हणून दर पाठवू नका, तास पाठवा: कोणते मशीन, किती शिफ्ट, महिन्यात प्रत्यक्ष किती तास कापले, बाकीचे कशात गेले. नाव छापणार नाही. मंडीदीप आणि गोविंदपुऱ्यातल्या वाचकांनी या महिनाअखेरपर्यंत पाठवावे. पुढच्या अंकाची चार पाने त्यासाठी राखली आहेत.

— संपादक