लहान विमाने का कोसळतात?

डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्या जोडीला आमच्या मुला-मुलींच्या तोंडी हल्ली आणखी एक स्वप्न ऐकू येते, ते म्हणजे पायलट होण्याचे. पूर्वी हे स्वप्न फक्त मुंबईच्या श्रीमंत घरांत पाहिले जाई. आता बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर अशा ठिकाणी विमान चालवायला शिकवले जाते आणि कर्ज काढून का होईना, साध्या घरातली मुलेही तिकडे वळू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे.

पण अधूनमधून वर्तमानपत्रात बातमी येते की शिकाऊ विमान शेतात कोसळले. त्या दिवशी घरात वाद होतो. अम्मी म्हणतात, "हा विषयच बंद." मुलगा म्हणतो, "अम्मी, काही होत नाही." दोघांचेही बोलणे अपुरे आहे, कारण अशी विमाने का पडतात हे दोघांनाही नीट माहीत नसते. आम्ही वैमानिक नाही, शिक्षक आहोत. मात्र शिकणाऱ्याच्या हातून चुका कशा होतात, हा आमच्या रोजच्या कामाचाच भाग आहे. म्हणून या महिन्यात हाच विषय घेतला आहे.

शिकाऊ विमान म्हणजे काय, ते आधी पाहू. सेसना 152 हे जगभर शिकवण्यासाठी वापरले गेलेले दोन आसनी विमान. माणसे, सामान आणि इंधन धरून त्याचे वजन जास्तीत जास्त 757 किलो असू शकते, म्हणजे एखाद्या छोट्या मोटारीएवढे. त्याला एकच इंजिन असते. सेसना 172 हे त्याचेच चार आसनी मोठे भावंड. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्या देशात 200 तासांचे उड्डाण लागते आणि त्यातले 100 तास विद्यार्थ्याने विमानाची जबाबदारी स्वतः घेऊन उडायचे असते. म्हणजे प्रशिक्षक शेजारी नसतानाचे तासही बरेच असतात.

लोकांना वाटते, विमान पडते ते इंजिन बंद पडल्यामुळे. तसे कधीकधी होतेही. पण इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे खाली येत नाही. ते घारीसारखे तरंगत उतरू शकते आणि तशा उतरण्याचा सराव प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेतला जातो. जास्त घातक असतो तो 'स्टॉल'. या शब्दाने गोंधळ होतो. मोटार स्टॉल झाली म्हणजे इंजिन बंद पडले. विमान स्टॉल झाले म्हणजे पंखांनी हवा सोडली, इंजिन चालू असले तरीही. पंख समोरून येणाऱ्या हवेला थोडा तिरका असतो, म्हणून विमान उचलले जाते. हा तिरकेपणा साधारण 15 ते 18 अंशांच्या पुढे गेला की हवा पंखाला धरून वाहत नाही आणि उचलणारे बळ एकदम घटते. उपाय साधा आहे, नाक खाली करायचे. पण जमीन जवळ असताना नाक खाली करायला मन तयार होत नाही. हात आपोआप दांडा मागे ओढतो आणि संकट वाढते.

हे बहुधा उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर घडते. विमान धावपट्टीच्या रेषेच्या थोडे पुढे गेलेले असते, म्हणून विद्यार्थी ते जास्त कलते करून वळवू पाहतो. उंची न सोडता विमान 45 अंश कलले, तर ज्या वेगाला ते स्टॉल होते तो वेग सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो. 60 अंशांना तो 41 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे सरळ उडताना जो वेग सुरक्षित होता, तोच वळताना अपुरा पडतो. त्यात पायाने शेपटीचे सुकाणू जास्त दाबले गेले, तर एक पंख आधी खाली जातो आणि विमान गरगर फिरू लागते. वर उंचावर यातून बाहेर पडता येते. जमिनीपासून काही शे फुटांवर तेवढी जागाच नसते. अशा वेळी खरा उपाय एकच असतो. वळण चुकले तर हट्ट सोडायचा, वर जायचे आणि पुन्हा फेरी घालून यायचे.

उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले तरी हाच मोह आड येतो. मागे धावपट्टी दिसत असते आणि वळून परत जावेसे वाटते. पण उंची कमी असते, वळताना ती आणखी घटते आणि वेगही जातो. म्हणून शिकवले जाते की समोर जे शेत किंवा माळ दिसेल तिथेच उतरा. विमान मोडेल, माणूस वाचेल.

उतरताना होणारे अपघात संख्येने बरेच असतात, पण त्यात जीव जाण्याचे प्रमाण कमी असते. विमान टेकते, उसळते, पुन्हा टेकते आणि पुढचे चाक मोडते. किंवा बाजूचा वारा ते धावपट्टीबाहेर ढकलतो. इथेही पहिल्या उसळीनंतर पुन्हा वर जाणारा वाचतो आणि "जमवतोच" म्हणणारा अडकतो.

इंधनाची गोष्ट ऐकून गृहिणींना नवल वाटेल. इतक्या शिकलेल्या माणसाचे इंधन संपते कसे? संपते, कारण काट्यावर भरवसा ठेवला जातो. लहान विमानाच्या काट्यावर विसंबू नये, टाकीत मोजपट्टी घालून पाहावे, असे शिकवतात. घरात गॅसची टाकी हलवून पाहतात, तसेच हे. दुसरी तपासणी पाण्याची. दमट हवेमुळे टाकीत पाणी साचू शकते. ते इंधनापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. म्हणून उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेच्या नळीत काढून पाहतात. हे दोन मिनिटांचे काम असते, आणि घाईत पहिल्यांदा तेच गाळले जाते. तिसरी गोष्ट कार्ब्युरेटरमधल्या बर्फाची. बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान आणि दमट हवा असली, तरी कार्ब्युरेटरच्या आत हवा इतकी थंड होते की बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरते. त्यासाठी गरम हवा सोडण्याची कळ असते, पण ती वेळेवर आठवली पाहिजे.

मग येते हवामान. ढगात शिरल्यावर क्षितिज दिसत नाही. कानातला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला चुकीची खबर देऊ लागतो. विमान कललेले असते आणि माणसाला वाटते की आपण सरळ आहोत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 1954 साली 20 वैमानिकांवर एक प्रयोग झाला. त्यांना फक्त उपकरणे पाहून उडण्याचे शिक्षण नव्हते. बाहेरचे दिसेनासे केल्यावर वीसही जणांचा ताबा सुटला, तोही सरासरी 178 सेकंदांत. म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांना ढग किती झटकन खाली उतरतात ते सांगायला नको. उन्हाळ्याचा धोका वेगळा. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनाची ताकदही घटते. तेच विमान डिसेंबरच्या सकाळी सहज उडते आणि मे महिन्याच्या दुपारी धावपट्टी संपत आली तरी जड वाटते.

शिकवण्याच्या विमानात आणखी एक खास धोका असतो. चालवण्याची साधने दोघांपुढे असतात. कधी प्रशिक्षकाला वाटते की विद्यार्थी चालवतो आहे, आणि विद्यार्थ्याला वाटते की सरांनी हाती घेतले. म्हणून ताबा देताना आणि घेताना मोठ्याने बोलायची आणि समोरच्याने ते परत म्हणायची पद्धत आहे. वर्गात आम्ही "समजले का?" विचारतो आणि सगळे "हो" म्हणतात. विमानात तेवढ्यावर भागत नाही.

ही कारणे पुन्हा एकदा नजरेखालून घाला. वळण जमवण्याचा हट्ट, मागे वळण्याचा मोह, न तपासलेली टाकी, "एवढ्याशा ढगाने काय होते" हा विश्वास. यंत्राचा दोष थोडा आणि घाईचा जास्त. घाटातल्या रस्त्यावर पाटी असते, "अति घाई, संकटात नेई". ती आकाशालाही लागू आहे.

ही घाई कुठून येते? याचे उत्तर देणारी एक घटना अमेरिकेत घडली. जेसिका डुब्रॉफ ही सात वर्षांची मुलगी विमान चालवत अमेरिका ओलांडणार, असे ठरले होते. सोबत वडील आणि प्रशिक्षक होते. सात वर्षांच्या मुलीला परवाना नसतोच, म्हणून कायद्याने वैमानिक प्रशिक्षकच होते. 10 एप्रिल 1996 रोजी चार आसनी सेसना घेऊन ते कॅलिफोर्नियातून निघाले आणि रात्री वायोमिंग राज्यातील शायेन येथे थांबले. हे शहर सहा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे वादळ येत होते. जोराचा वारा होता, पाऊस होता. तरी विमान निघाले, आणि काही मिनिटांत वस्तीत कोसळले. तिघेही गेले.

चौकशीत आढळले की विमानात परवानगीपेक्षा जास्त वजन होते, उंचीमुळे हवा विरळ होती, हवामान बिघडत होते आणि विमान स्टॉल झाले. वर सांगितलेली तीन-चार कारणे एकाच सकाळी एकत्र आली. पण चौकशी मंडळाने आणखी एक गोष्ट नोंदवली. ठरवलेला कार्यक्रम फार घाईचा होता आणि तो पाळण्याच्या इच्छेमागे काही अंशी वार्ताहरांना दिलेल्या वेळाही होत्या. एक दिवस थांबले असते तर बिघडले काय असते? विक्रम एक दिवस उशिरा झाला असता, इतकेच. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून विक्रमासाठी मुलांच्या हाती अशी विमाने देणे बंद केले.

आपली मुले विक्रमाला निघालेली नसतात. पण वेळापत्रक त्यांच्याही मागे असते. अब्बांनी जमीन विकलेली असते किंवा दागिने गहाण टाकलेले असतात. नातेवाइकांना "मुलगा सहा महिन्यांत कॅप्टन होणार" असे सांगून झालेले असते. फोनवर रोज विचारले जाते, "आज किती तास झाले?" असा मुलगा ढग पाहूनही "आज नको" म्हणायला कचरतो. ताप आला तर लपवतो, झोप आणणारी सर्दीची गोळी घेऊन विमानात बसतो. म्हणून प्रश्नच बदला. "आज काय शिकलास?" असे विचारा. उड्डाण रद्द झाले असे तो म्हणाला, तर "बरे केलेस" म्हणा. आणि "आपल्या गावावरून एक चक्कर मार, आम्ही गच्चीवर उभे राहतो" असे चुकूनही म्हणू नका. खालून उडताना विजेच्या तारा दिसत नाहीत.

रमजानचेही बोलले पाहिजे. उन्हात, रिकाम्या पोटी, तहानलेल्या शरीराने एकट्याने उडणे हा साधा प्रश्न नाही. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे, हे आपण जाणतो. ती इथे कशी लागू होते ते आलिमांना विचारावे, तब्येतीचे डॉक्टरांना विचारावे, आणि रोजा असेल तर प्रशिक्षकाला ते आधी सांगावे. लपवू नये.

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी संस्थेत जाऊन काही गोष्टी जरूर विचाराव्यात. हवामान खराब असेल तर उड्डाण कोण थांबवते? विद्यार्थ्याने स्वतः नको म्हटले तर त्याच्या नावावर शेरा पडतो का? एखाद्याने आपली चूक आपणहून सांगितली तर त्याला शिक्षा होते की पुन्हा शिकवले जाते? विमानांची देखभाल कोण करते आणि तिची नोंद पाहायला मिळते का? प्रशिक्षक दिवसाला किती विद्यार्थी घेतात? अभ्यासक्रम लांबला तर खर्च किती वाढतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरच्या हिशेबात आधीच धरा, म्हणजे मुलाच्या डोक्यावर ते ओझे राहणार नाही.

मुलीला किंवा मुलाला आकाशात जाऊ द्यायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय आहे. जाऊ देणार असाल, तर फीच्या पैशांसोबत तिला थांबण्याची इजाजतही द्या. दुआ तर आपण करतोच. पण धावपट्टीच्या टोकाला उभी असताना "आज परत फिरले तरी घरी कोणी रागावणार नाही" हे तिला पक्के ठाऊक असले पाहिजे.